पिलोने चित्रावर मराठी नावं लिहिताना अक्षरं का मोडतात आणि जागेवर का बसत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथनमध्ये पिलो ही लायब्ररी वापरून प्रमाणपत्राच्या कोऱ्या चित्रावर यादीतली नावं एकामागून एक उमटवायची आहेत. इंग्रजी नावं नीट येतात. मराठी नावांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहतात. नाव मधोमध बसत नाही, लांब नाव चौकटीबाहेर जातं, आणि स्वतःच्या संगणकावर बरोबर दिसणारं चित्र सर्व्हरवर पुन्हा बिघडतं. सहा फॉन्ट बदलून पाहिले, फरक पडला नाही.

आधी ते फॉन्ट बदलणं थांबवा. सहाही फॉन्ट बहुतेक चांगलेच असतील. फॉन्टमध्ये जे लिहून ठेवलंय ते वाचणारंच कुणी नाही, ही तुमची अडचण आहे.

‘क्षितिज’ हा शब्द घ्या. आपल्याला तीन अक्षरं दिसतात. पायथनला त्याची लांबी विचारलीत तर उत्तर येतं ७: क, हलन्ताचं चिन्ह, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, कागदावर मात्र ती आधी येते, आणि तीही नुसत्या ‘ष’च्या आधी नाही तर अख्ख्या ‘क्ष’च्या आधी. ही उलटापालट करायची, तीन संकेतांऐवजी ‘क्ष’ची एकच आकृती निवडायची, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर नेऊन ठेवायचा, या सगळ्याला शेपिंग म्हणतात. त्याचे नियम फॉन्टच्या आतल्या तक्त्यांत असतात. ते तक्ते वाचून अंमलात आणण्याचं काम हार्फबझ नावाची वेगळी लायब्ररी करते. पिलो ज्या फ्रीटाइप या लायब्ररीवर उभी आहे ती फक्त ‘अमुक क्रमांकाची आकृती अमुक आकारात काढून दे’ एवढंच जाणते. त्या आकृत्या कोणत्या आणि कोणत्या क्रमाने, हे तिला बाहेरून सांगावं लागतं.

पिलोकडे मजकूर मांडायच्या दोन पद्धती आहेत. एक बेसिक: संकेत जसे आले तशा आकृत्या डावीकडून उजवीकडे रचत जायच्या. इंग्रजीला हे पुरतं. दुसरी रक्म: हे हार्फबझला कामाला लावणाऱ्या एका छोट्या लायब्ररीचं नाव आहे. तुमच्या चित्रातली लक्षणं (वेलांटी मागे, हलन्त उघडे) शंभर टक्के बेसिकची आहेत. फॉन्टमध्ये आकृतीच नसती तर रिकामी चौकट आली असती. हा भेद लक्षात ठेवा, पुढे खूप वेळ वाचतो: चौकट दिसली तर फॉन्ट तपासा, अक्षरं दिसताहेत पण चुकीच्या क्रमाने तर शेपिंग तपासा.

तपासायचं कसं? पिलोच्या ‘फीचर्स’ मॉड्यूलमध्ये ‘चेक’ नावाचं फंक्शन आहे. त्याला ‘रक्म’ (raqm) हे नाव द्या. उत्तर ‘फॉल्स’ आलं तर शोध तिथेच संपला.

आता ते ‘फॉल्स’ का येतं, याची गंमत सांगतो, कारण तुमच्या ‘माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर मोडतं’ या तक्रारीचं मूळ इथेच आहे. २०२१ च्या ८.२.० या आवृत्तीपासून पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने) येणाऱ्या तयार पिलोमध्ये रक्म आतच असते. पण रक्मला फ्रिबिडी नावाची आणखी एक लायब्ररी लागते, आणि ती सोबत येत नाही. पिलो चालू होताना ती यंत्रावर शोधते. सापडली तर रक्म जागी होते, नाही सापडली तर बेसिक. फ्रिबिडीचं खरं काम अरबी, हिब्रू अशा उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांचं. देवनागरीला तिची काडीचीही गरज नाही. पण साखळीतली ती कडी नसेल तर आपलंही काम अडतं. डेस्कटॉपच्या लिनक्सवर फ्रिबिडी कुठल्या ना कुठल्या प्रोग्रॅमसोबत आधीच आलेली असते, म्हणून तुमच्याकडे सगळं सुरळीत दिसतं. सर्व्हरवरच्या काटछाट केलेल्या डॉकर प्रतिमेत (प्रोग्रॅमला लागेल तेवढीच सिस्टिम बांधून दिलेल्या गाठोड्यात) ती नसते. डेबियन किंवा उबंटूवर फ्रिबिडीचं छोटं पॅकेज घालावं लागतं, तेवढ्याने भागतं. विंडोजवर फ्रिबिडीची डीएलएल फाइल मिळवून, जिथे विंडोज डीएलएल शोधतं अशा एखाद्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते. पायथनच्या मुख्य प्रोग्रॅमशेजारी ठेवली तरी चालते. ठेवल्यावर पायथन बंद करून पुन्हा सुरू करा. एकदा लोड झालेलं पिलो नव्याने शोधायला जात नाही.

फॉन्ट उघडताना ‘लेआउट इंजिन’ म्हणून रक्म स्पष्ट मागितली तरी, ती उपलब्ध नसेल तर पिलो काम थांबवत नाही, बेसिकवर उतरते. जुन्या आवृत्त्या तर हे निमूटपणे करतात. म्हणून माझ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या तोंडाशी ती एका ओळीची तपासणी असते आणि उत्तर ‘फॉल्स’ असेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. एकदा मी हे केलं नव्हतं. रात्री सर्व्हर नव्याने उभा राहिला, सकाळपर्यंत काही शे प्रमाणपत्रं मोडक्या नावांनी तयार होऊन पाठवलीही गेली होती, आणि नोंदवहीत एकही त्रुटी नव्हती. प्रोग्रॅमच्या दृष्टीने सगळं यशस्वी झालं होतं.

रक्म चालू झाली की तुमची निम्मी तक्रार मिटेल. तरी मी चाचणीसाठी काही शब्द कायम जवळ ठेवतो: क्षितिज, कीर्ती, हृदय, दुसऱ्या, ॲड, शलाका. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. ‘कीर्ती’त रफार आणि वेलांटी एकाच अक्षराच्या डोक्यावर येतात आणि कच्च्या फॉन्टमध्ये एकमेकांवर चढतात. ‘दुसऱ्या’तला अर्धा र हा मराठीचा खास. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे वेगळे शब्द आहेत, तसेच त्यांचे संकेतही. हा अर्धा र दोन प्रकारे लिहिलेला आढळतो: खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, न दिसणारं शून्य रुंदीचं जोडचिन्ह आणि मग य. आता होतं काय, की एखादा सज्जन माणूस यादी ‘साफ’ करताना न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाकतो. तो दुसऱ्या प्रकारातलं जोडचिन्ह उडवतो आणि दऱ्यांचा दर्या होतो. सफाई करायचीच असेल तर ते एक चिन्ह सोडून करा. पहिल्या प्रकारातही ऱ कधी एका संकेतात असतो, कधी र आणि नुक्ता अशा दोन संकेतांत. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण, जोडून लिहिलेल्या रूपात आणलं की दोन्ही एकच होतात. नावांची तुलना करायची असेल तर हे आधीच करून घ्यावं.

‘ॲड’मधला ॲ स्वतंत्र संकेत म्हणून युनिकोडमध्ये आला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टमध्ये तो नसतो आणि नेमक्या वकिलांच्या नावाआधी चौकट उमटते.

‘शलाका’ कशासाठी, तर श आणि ल साठी. या दोन अक्षरांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत आणि युनिकोडमध्ये मात्र दोघांना संकेत एकच. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि भाषा कोणती हे कळलं तर फॉन्ट योग्य वळण देतो. पिलोच्या ‘टेक्स्ट’ फंक्शनला ‘लँग्वेज’ नावाचा पर्याय आहे. त्याला मराठीचा दोन अक्षरी संकेत, एमआर, द्या. अर्थात हेही रक्म चालू असेल तरच. नुसत्या एवढ्या बदलाने प्रमाणपत्र एकदम आपलं वाटू लागतं. फार कमी लोक हा पर्याय वापरतात, याचं मला दर वेळी नवल वाटतं. ज्याला कटकट नको त्याने टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घ्यावा. त्याच घराण्यात हिंदी आणि संस्कृतसाठी वेगळे फॉन्ट आहेत, हा मराठी वळणांसाठीच बांधलेला आहे. नावासाठी जाड आणि ठसठशीत हवं असेल तर मुक्त किंवा बालू. हे तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत, म्हणजे प्रोग्रॅमसोबत फॉन्टची फाइल देता येते. ती द्याच. ‘यंत्रावर जो असेल तो फॉन्ट’ अशा भरवशावर राहिलात की दोन यंत्रांवर दोन चित्रं निघणार.

फॉन्टबाबत आणखी एक गोष्ट. ब्राउझरमध्ये एखादं अक्षर फॉन्टमध्ये नसेल तर ब्राउझर गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतो. पिलो तसं करत नाही. एका वेळी एक फॉन्ट, त्यात नसेल तर चौकट. तुमच्या यादीत ‘बी. ई.’ रोमन अक्षरांत असेल किंवा नोंदणी क्रमांक असेल तर त्याच फॉन्टमध्ये रोमन अक्षरंही आहेत ना, हे पाहा. नसतील तर मजकुराचे तुकडे करून, प्रत्येकाची रुंदी मोजून, एकाच तळरेषेवर (अक्षरांचे पाय टेकतात त्या रेषेवर) शेजारी शेजारी ठेवावे लागतात. आणि नावाच्या अगदी शेवटी एक एकाकी चौकट येत असेल तर फॉन्टला दोष देऊ नका. विंडोजवर बनवलेल्या फाइलमधलं ओळ संपल्याचं चिन्ह नावाला चिकटून आलंय. पहिल्याच नावाच्या सुरुवातीला काही विचित्र दिसलं तर ते फाइलच्या तोंडाशी असलेलं बीओएम, म्हणजे फाइल युनिकोडमध्ये आहे असं सांगणारं न दिसणारं चिन्ह. कडेची मोकळी जागा छाटणं आणि फाइल यूटीएफ-८-सिग म्हणून वाचणं, एवढ्यावर दोन्ही मिटतं.

आता नाव मधोमध आणण्याकडे येऊ. नेटवर सापडणारी निम्मी जुनी उत्तरं ‘टेक्स्टसाइझ’ वापरतात. ते फंक्शन १०.० या आवृत्तीत, २०२३ साली, काढून टाकलं. त्याच्या जागी दोन आली: ‘टेक्स्टलेंग्थ’ रुंदी देतं, म्हणजे पुढचं अक्षर जिथून सुरू व्हावं तिथपर्यंतचं अंतर, आणि ‘टेक्स्टबीबॉक्स’ शाई ज्या चौकटीत मावते तिच्या डाव्या, वरच्या, उजव्या आणि खालच्या कडेचे असे चार आकडे देतं. तुमच्या कोडमध्ये या चौकटीचा तिसरा आकडा म्हणजेच रुंदी असं धरलंय. तसं नाही. पहिला आकडा शून्य असेलच असं नाही, आणि दुसरा तर जवळपास कधीच शून्य नसतो, कारण पिलो मजकूर ठेवताना दिलेला बिंदू फॉन्टच्या सर्वोच्च रेषेवर धरते आणि शाई त्याच्या बरीच खाली सुरू होते. म्हणून नाव नेहमी थोडं खाली सरकल्यासारखं दिसतं.

पण आकडे बरोबर वजा करूनही मी शाईच्या चौकटीवरून मध्य काढत नाही. ‘कमल’ आणि ‘कीर्ती’ ही दोन नावं घ्या. ‘कमल’ची शाई शिरोरेषेपासून सुरू होते. ‘कीर्ती’ची वेलांटीच्या टोकापासून. प्रत्येकाची शाई उभ्या दिशेने मध्यावर आणली तर दोघांच्या शिरोरेषा वेगवेगळ्या उंचीवर जातात. एकटं प्रमाणपत्र पाहिलं तर कळत नाही. गठ्ठा हातात धरून चाळला की नावं वरखाली उड्या मारताना दिसतात. नावाखाली टिंबांची रेघ छापलेली असेल तर मग लपतच नाही. देवनागरीत डोळा शिरोरेषेला धरून चालतो. ती हलली की चूक दिसते, रुकार थोडा खाली लोंबला तर दिसत नाही.

उपाय पिलोतच आहे. ‘अँकर’ या पर्यायाला दोन अक्षरं द्यायची असतात, पहिलं आडव्या दिशेचं आणि दुसरं उभ्या. ‘एम’ आणि ‘एस’ दिलंत तर तुमचा बिंदू आडवा मध्य आणि तळरेषा यांच्या छेदावर धरला जातो. तळरेषा ही फॉन्टची ठरलेली रेषा आहे, नावातल्या मात्रा-वेलांट्यांवर ती अवलंबून नाही. म्हणून शिरोरेषाही प्रत्येक चित्रात त्याच उंचीवर येते. कोऱ्या प्रमाणपत्रावर नावाची तळरेषा कुठे यायला हवी ते एकदाच पिक्सेलमध्ये मोजा, चित्राच्या रुंदीचा निम्मा आकडा काढा, आणि वजाबाकीचं सगळं गणित पुसून टाका. दोन्ही ‘एम’ दिले तरी जागा स्थिर राहते, पण तो मध्य फॉन्टच्या वरच्या-खालच्या मर्यादांमधला असतो आणि देवनागरी फॉन्टमध्ये त्या मर्यादा डोळ्याला जाणवणाऱ्या मध्याशी क्वचितच जुळतात. बटणावरच्या एका शब्दासाठी चालेल.

लांब नावांचं काय? पायथनचं ‘टेक्स्टरॅप’ इथे वापरू नका. ते संकेत मोजतं, रुंदी नाही, आणि ‘क्षितिज’ला सात घरं देतं. स्वतः लिहिणं सोपं आहे: शब्द एकेक जोडत जा, दर वेळी अख्ख्या ओळीची ‘टेक्स्टलेंग्थ’ घ्या, चौकटीपेक्षा जास्त झाली की नवी ओळ. शब्दांच्या रुंदी सुट्या मोजून बेरीज करण्यापेक्षा पूर्ण ओळ मोजा, शेजारच्या अक्षरांमुळे होणारा फरक त्यातच येतो. एक सापळा: ‘डॉ.’ आणि नाव यांच्यात ओळ तुटू नये म्हणून न तुटणारी मोकळी जागा घातली असेल, तर पायथनचं काही न सांगता केलेलं ‘स्प्लिट’ तिच्यावरही तुकडा पाडतं. साधी मोकळी जागा स्पष्ट सांगून तुकडे करा.

एकच शब्द चौकटीपेक्षा लांब निघाला आणि तो तोडावाच लागला, तर संकेतांच्या मध्ये कुठेही तोडून चालणार नाही. हलन्त एका ओळीवर आणि ष दुसऱ्या ओळीवर जाईल. पूर्ण अक्षरं ओळखण्याचे नियम युनिकोड देतं, पण जोडाक्षर एकसंध ठेवण्याचा नियम त्यात आला तो १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली. त्याआधीच्या नियमांवर चालणारी साधनं ‘क्षि’चे ‘क्’ आणि ‘षि’ असे दोन तुकडे सुखेनैव करतात. वापरत असलेली लायब्ररी कोणत्या आवृत्तीवर आहे ते तपासा. नाहीतर हलन्तापाशी तोडायचं नाही एवढी अट स्वतःच घाला.

नावांसाठी मात्र मी ओळ तोडण्याआधी अक्षरांचा आकार कमी करून पाहतो. शंभर पिक्सेलच्या फॉन्टमध्ये नावाची रुंदी मोजा, त्रैराशिकाने चौकटीत मावेल तो आकार काढा, त्या आकारात पुन्हा मोजून खात्री करा. पण प्रत्येक नावाला त्याच्या मापाचा वेगळा आकार दिला तर गठ्ठ्यात तेही खटकतं. मी तीन आकार ठरवतो: नेहमीचा, जरा लहान, आणि किमान. किमान आकारातही मावलं नाही तर आडनावाआधी तोडून दोन ओळी.

दोन ओळी करताना पिलोचं बहुओळी फंक्शन टाळा. त्यात दोन ओळींतलं अंतर रोमन ‘ए’ या अक्षराच्या मापावरून ठरतं आणि त्यात डिफॉल्टने चार पिक्सेल मिळवले जातात. तळरेषेखाली लोंबणारा रुकार आणि खालच्या ओळीच्या डोक्यावरची वेलांटी यांचा त्यात विचारच नाही. मोठ्या आकारात दोन्ही एकमेकांत घुसतात. ‘गेटमेट्रिक्स’ने फॉन्टची वरची आणि खालची मर्यादा मिळते. त्यांची बेरीज हे ओळीचं अंतर धरा, सैल वाटलं तर थोडं कमी करा, आणि प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे तिच्या तळरेषेवर काढा.

अक्षरांमध्ये जागा सोडून लिहिण्याचा किंवा कमानीवर नाव वळवण्याचा मोह काहींना होतो आणि त्यासाठी ते एकेक अक्षर सुटं काढतात. रोमनमध्ये हे खपून जातं. देवनागरीत शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनी तुटते, आणि शेपिंगही जातं, कारण हार्फबझला शेजारचं अक्षर दिसतच नाही. कमान हवीच असेल तर अख्खं नाव पारदर्शक पट्टीवर काढा आणि ती पट्टी वाकवा. तिरपं नावही तसंच: वेगळ्या थरावर मोठ्या आकारात काढून, फिरवून, मग मूळ चित्रावर चिकटवायचं.

शाई फुसकी, दातेरी किंवा डागाळलेली दिसते, त्याची कारणं चित्रात असतात. तुमचं कोरं प्रमाणपत्र पॅलेट प्रकारचं (मोजक्या ठरलेल्या रंगांचं) पीएनजी किंवा जीआयएफ असेल तर पिलो अक्षरांच्या कडा मऊ करत नाही. अशा चित्रांसाठी ती आपोआप काळं किंवा पांढरं एवढंच ओळखणाऱ्या पद्धतीवर जाते. उघडल्याबरोबर आरजीबीत बदला, दाते जातील. अर्धपारदर्शक रंगाने लिहायचं असेल तर आणखी एक चकवा आहे: पारदर्शकता असलेल्या चित्रावर थेट लिहिलं तर पिलो रंग मिसळत नाही, खालचा पिक्सेल काढून नवा ठेवते, म्हणजे अक्षरांच्या जागी चित्राला भोकं पडतात. रिकाम्या पारदर्शक थरावर लिहून ‘अल्फा कंपोझिट’ने दोन्ही थर एकत्र करा.

शेवटी जेपीईजी म्हणून साठवताना पिलो गुणवत्ता ७५ धरते आणि रंगाचा तपशील अर्ध्यावर आणते. छायाचित्राला हे झेपतं, बारीक लाल अक्षरांना नाही. कडेने धूर पसरल्यासारखा दिसतो. पीएनजी वापरा, किंवा जेपीईजीच हवी असेल तर गुणवत्ता ९० च्या वर आणि ‘सबसॅम्पलिंग’ शून्य. मोबाइलवर काढलेल्या फोटोवर लिहिलेलं नाव आडवं येत असेल तर फोटो फिरवण्याची सूचना एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) आहे आणि पिलो ती आपोआप पाळत नाही. ‘एक्झिफ ट्रान्सपोझ’ आधी चालवा.

फॉन्टचा आकार पिलोत पिक्सेलमध्ये असतो, पॉइंटमध्ये नाही. छपाईसाठी ३०० डीपीआयचं ए-४ पान २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचं होतं, आणि त्यावर २४ पॉइंटचं अक्षर म्हणजे १०० पिक्सेल. लहान चित्रावर नाव लिहून मग ते मोठं करू नका. आधी चित्र मोठं, मग नाव. फोटोच्या गडबडीत अक्षर हरवत असेल तर ‘स्ट्रोक’ने बाहेरची कड देता येते, पण देवनागरीत ती जाड केली की ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ष्ठ’च्या पोटातल्या जागा बुजतात. मला त्यापेक्षा मजकुरामागे अर्धपारदर्शक गडद पट्टी आवडते. वेब सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी ४.५ ला १ आणि मोठ्या मजकुराला ३ ला १ एवढा उठाव लागतो. पट्टीने तो हमखास मिळतो.

हजारो नावं असतील तर कोरं चित्र एकदाच उघडा आणि दर वेळी त्याची प्रत घ्या. फॉन्टही तसेच, आकाराप्रमाणे एकदा उघडून जपून ठेवा. विंडोजवर तर हे सक्तीचं आहे: फॉन्टची वस्तू जिवंत आहे तोवर फाइल उघडी राहते, आणि तिथे एका वेळी ५१२ फायलींची मर्यादा आहे. फेरीच्या आत फॉन्ट उघडत आणि साठवत राहिलात तर पाचशेच्या आसपास प्रोग्रॅम ‘फाइल उघडता येत नाही’ म्हणून आडवा होतो, आणि माणूस फाइलच्या पत्त्यात चूक शोधत बसतो.

तुम्ही प्रश्नात ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीचंही विचारलं होतं. तिचं ‘पुटटेक्स्ट’ या कामाचं नाही. त्यातली अक्षरं हर्शी फॉन्टची आहेत, १९६० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत ॲलन हर्शी यांनी सरळ रेघांच्या तुकड्यांतून आखलेली. देवनागरी त्यात नाही, प्रश्नचिन्हं येतात. चित्राचं बाकीचं काम ओपनसीव्हीत असेल तर तेवढ्यापुरतं चित्र पिलोकडे न्या आणि परत आणा. जाताना-येताना रंगांचा क्रम बदलायला विसरू नका. ओपनसीव्ही निळा-हिरवा-लाल असा क्रम ठेवते, पिलो लाल-हिरवा-निळा. विसरलात तर चेहरे निळसर होतात, लगेच कळतं.

आणि जर एकाच परिच्छेदात जाड-बारीक, मराठी-इंग्रजी, दोन्ही कडा सारख्या, असं सगळं हवं असेल तर पिलोशी झटू नका. पँगो (मजकूर मांडणारी) आणि कैरो (चित्र काढणारी) ही लायब्रऱ्यांची जोडी ओळी तोडते, नसलेलं अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून आणते, सगळं करते. इमेजमॅजिकमध्येही पँगो वापरता येतो, जर तो त्यात जोडलेला असेल. तुम्हाला एचटीएमएल येत असेल तर पान बनवून ब्राउझरकडून त्याचं चित्र काढून घेणं हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग. थोडा जड आहे, पण ब्राउझरचं शेपिंग पक्कं असतं. प्रमाणपत्रं छापूनच द्यायची असतील तर मुळात चित्र कशाला? वीझीप्रिंट हे पायथनचं साधन पँगोवर चालतं आणि थेट पीडीएफ देतं. एफपीडीएफ२ या पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीतही शेपिंग चालू करता येतं. पीडीएफमध्ये अक्षरं रेषांच्या रूपातच राहतात, कितीही मोठी केली तरी फुटत नाहीत.

तुमच्या यादीसाठी माझा क्रम असा राहील. आज फक्त रक्मची तपासणी सर्व्हरवर चालवा. मग यादीतलं सर्वांत रुंद नाव शोधा, संकेत मोजून नाही, ‘टेक्स्टलेंग्थ’ने. त्यासोबत रफार-वेलांटीचं एक, रुकाराचं एक, मात्रा-वेलांटी काहीच नसलेलं एक, अशी चार चित्रं काढा. चारही एकावर एक ठेवून पारदर्शक करून पाहा. शिरोरेषा एकाच रेषेत दिसल्या की बाकीची नावं सोडा.